लौकिक आणि ताळेबंद

नोव्हेंबर २०२१. लक्ष्मीपूजन आणि वहीपूजन होऊन चारच दिवस झाले होते. सांगलीत हळदीची पेढी सांभाळणारे थोरले बंधू आणि साताऱ्यात कापडाचे दुकान चालविणारे धाकटे बंधू यांच्यात पेटीएमच्या समभागविक्रीवरून मतभेद झाला. धाकटे म्हणाले, "दादा, गिऱ्हाइकाने पैसे दिले की गल्ल्यावरचे यंत्र ते मोठ्याने सांगते. खेडोपाडी नाव पोहोचले आहे. आणखी खात्री कोणती हवी?" थोरल्यांनी एवढेच विचारले, "यंत्र बोलते खरे. पण वही काय बोलते?" कन्येच्या शिक्षणासाठी राखलेली रक्कम गुंतवायची की नाही, हे या उत्तरावर ठरणार होते.

वहीतले आकडे माहितीपत्रकातच छापलेले होते. २०२०-२१ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे २,८०२ कोटी रुपये, तर तोटा सुमारे १,७०१ कोटी. आधी ग्राहक जोडावेत, नफा पुढे पाहावा, हे धोरण कंपनीने लपविले नव्हते. प्रश्न होता तो त्या आशेसाठी प्रतिसमभाग २,१५० रुपये मोजण्याचा. अखेर धाकट्यांनी सहा समभागांचा एकच लॉट, म्हणजे १२,९०० रुपयांचा अर्ज केला. शिक्षणाची रक्कम मुदत ठेवीतच राहिली.

१८ नोव्हेंबरला, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, भाव सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. मॅक्वायरी या दलाली संस्थेने समभागाचे मोल १,२०० रुपयेच धरले. व्यवसाय अनेक, पण नफ्याची वाट स्पष्ट नाही, असा तिचा आक्षेप होता. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि भाव साडेतीनशेच्याही खाली गेला. पुढे एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत कंपनीने सुमारे १२२ कोटींचा नफा दाखविला, हेही नमूद केले पाहिजे.

लौकिक जसा वाजवीपेक्षा मोठा असू शकतो, तसा वाजवीपेक्षा लहानही असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चांगला, पण नाव वाईट! तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात कारखाना थाटला. तीच आज सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. नांगर शेतात उतरला आणि नाव त्याच्या मागोमाग आले.

अनेकान्त सांगतो की प्रत्येक मतात सत्याचा अंश असतो. धाकट्यांना ग्राहकांचा विश्वास दिसला, थोरल्यांना तोटा दिसला. दोघेही खरेच पाहत होते. मात्र मते कितीही असोत, आपण किती रक्कम पणाला लावावी याची मर्यादा आधीच आखून घ्यावी. परिग्रह-परिमाणाचे व्रत घरात पाळणाऱ्यांना ही शिकवण नवी नाही. ती बाजारातही पाळावी, एवढेच.