‘नाही’ आणि ‘सापडले नाही’

माझी भाची पुण्यात एका संगणक कंपनीत आहे. मागच्या शनिवारी ती मुक्कामाला आली ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. जेवणे झाल्यावर पुन्हा त्यात डोके घालून बसली, तेव्हा न राहवून विचारले, ‘‘एवढे काय चालले आहे?’’

‘‘शोधायला शिकवतेय, मामा.’’

कोणाला, तर औषधांच्या एका बड्या वितरकाच्या संगणकाला. अशा कंपन्यांचा सारा कारभार हल्ली एसएपीसारख्या अवाढव्य प्रणालीवर चालतो. ग्राहक, बिले, माल, येणी असे सगळे हजारो तक्त्यांत विखुरलेले. पडद्यावरच्या चौकटीत नाव टाइप केले की यंत्र ते आपणहून हुडकून काढते, अशी माझी समजूत होती. तसे नसते. आधी कोणीतरी बसून ठरवायचे असते की कोणत्या रकान्यांत शोधायचे, कोणत्यांत अजिबात पाहायचे नाही, कशाला जास्त वजन द्यायचे, उत्तरात काय दाखवायचे आणि कोणाला दाखवायचे. जुळणी किती काटेकोर हवी, यासाठी शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा असतो. तो एकच्या जवळ नेला की अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. खाली आणला की थोडेफार चुकलेले स्पेलिंग खपून जाते. भाचीने ०.८ ठेवला होता.

‘‘०.८च का?’’

‘‘आमच्याकडे सगळे तेवढाच ठेवतात.’’

या उत्तराने मला एकदम वीस वर्षे मागे नेले.

२००६ साली मी तालुक्याच्या एका गावी शाखेत अधिकारी होतो. जुन्या संगणकांतली आणि लेजरांतली खाती नव्या मध्यवर्ती प्रणालीत चढवण्याचे काम सुरू होते. कंत्राटी मुले रात्र-रात्र नावे टाइप करीत आणि सकाळी मी याद्यांखाली ‘तपासले, बरोबर आहे’ असे लिहून सही ठोकी. खरे सांगतो, शंभरातली दहासुद्धा नावे मी ताडून पाहत नव्हतो.

पावसाळ्यात एक बाई आल्या. नवरा वारलेला. त्याची मुदत ठेव होती एवढे ठाऊक, पावती घराच्या गळतीत भिजून गेलेली. आडनाव वाघ. मी ‘डब्ल्यू’ने टाइप केले आणि पडदा कोरा राहिला. ‘‘मावशी, खाते नाही,’’ मी सांगितले. बाई ‘‘बरं साहेब’’ म्हणून गेल्या.

आठ महिन्यांनी दुसरेच काही शोधताना ती ठेव दिसली. मुलांनी ‘व्ही’ने ‘वाघ’ लिहिले होते. वाडीचे नाव पत्त्यात न बसल्याने शेऱ्याच्या रकान्यात टाकले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात शोधायचे हे यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते. मी स्वतः वाडीवर गेलो. तोवर बाईंनी गाय विकली होती. पैसे मिळणार हे ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या मशीनला आमचा माणूस वळखला न्हाई व्हय?’’

लेजरच्या काळात हे झाले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. आमचा जुना लेजरकीपर माणूस दारात दिसताच पान उघडी. पण तो रजेवर गेला की अख्खी शाखा आंधळी होई, हेही मी विसरलेलो नाही.

उच्चारावरून नाव शोधण्याची युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली तिचे पेटंट मिळाले. ‘साउंडेक्स’ म्हणतात तिला. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे. गंमत पाहा, या रीतीने ‘दीक्षित’ हे ‘एक्स’ने लिहा की ‘के-एस-एच’ने, संकेत एकच येतो. पण ‘वाघ’ हुकतो, कारण पहिलेच अक्षर वेगळे. आपला ज्ञानेश्वर तर डी, जी, जे अशा तीन दारांत तीन वेगळे इसम होऊन उभा राहतो. हे सांगायला मराठी माणूसच त्या खुर्चीशेजारी बसलेला हवा.

मग आकडा खाली आणावा, सारेच सैल करावे? तेही नको. बँकेत एका वाघाची शिल्लक दुसऱ्या वाघाला दिसली तर तो गुन्हाच, आणि भाचीच्या वितरकाकडे एका दुकानाची औषधे भलत्याच दुकानात पोचतील. माझे म्हणणे इतकेच की हा आकडा काउंटरवर आठवडाभर बसून ठरवावा. ज्या शोधांना काहीच उत्तर मिळाले नाही त्यांची यादी दर सोमवारी कोणीतरी वाचावी. आणि पडद्यावर ‘खाते नाही’ असे न येता ‘या नावाने सापडले नाही’ असे यावे. त्या दोन शब्दांनी समोरचा कारकून निदान पुन्हा एकदा शोधेल.

हे केवळ माझ्या जुन्या शाखेपुरते नाही. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी २०१४पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, आणि त्या शोधण्यासाठी २०२३च्या ऑगस्टमध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. चांगलीच सोय आहे. पण तिथेही नावाच्या जोडीला पॅन, जन्मतारीख किंवा पत्ता असे काहीतरी लागते. लेजरातून आलेल्या किती नावांपुढे जन्मतारीख असेल? आमच्या शाखेच्या याद्या तरी मी डोळ्यांसमोर आणू शकतो.

भाची सगळे ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘आमच्या वितरकाकडेही शेऱ्याचा रकाना आहे. डिलिव्हरीवाली मुलं त्यात लिहितात, ‘मारुतीच्या देवळामागे’, ‘जुने नाव अमुक मेडिकल’. तो आम्ही शोधातून वगळलाय.’’

‘‘का?’’

‘‘कचरा असतो म्हणाले.’’

तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. मी चहा टाकायला उठलो.