आधी कॅमेऱ्याची हिस्टरी घ्या

उपकेंद्रात सकाळचे अकरा वाजून गेलेत. बाकावर एक आई, मांडीवर दहा महिन्यांचं बाळ. दोन दिवसांपासून खोकला, रात्री ताप. समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी ई-संजीवनीवर कॉल लावला आहे आणि पलीकडे डॉक्टर आलेही आहेत. ‘सर, दिसतंय का?’ ‘आवाज येतोय मॅडम, चित्र काळं आहे.’ मग लॅपटॉप खिडकीकडे वळवून होतो, झाकण मिटून उघडून होतं. पाच मिनिटं जातात. डॉक्टरांच्या रांगेत आणखी सात जण असतात. शेवटी नेहमीचं वाक्य येतं, ‘राहू द्या, आवाजावर भागवू.’ बाळाला पातळ औषध लिहून दिलं जातं, आई उठते. कॅमेरा तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशीही आवाजावरच भागवलं जातं.

त्याच खोलीतल्या रक्तदाबाच्या यंत्राचा रबरी फुगा फाटला असता तर यंत्र त्याच दिवशी बाजूला ठेवलं गेलं असतं आणि दुसऱ्यासाठी फोन गेला असता. वजनकाटा चुकीचा दाखवू लागला तर निदान एक कागद तरी पुढे सरकतो. लॅपटॉपचा कॅमेरा मात्र कोणाच्याच यादीत नसतो. तो ‘कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम’ ठरतो. कॉम्प्युटरचा माणूस तालुक्याला असतो आणि तो सवडीने येतो. दूरवरून रुग्ण तपासायचा असेल तर कॅमेरा हे स्टेथोस्कोपइतकंच तपासणीचं उपकरण आहे, ही गोष्ट अजून कोणी मनावर घेतलेली दिसत नाही.

वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला रुग्णतपासणीची जी पहिली पायरी शिकवतात, ती म्हणजे नुसतं पाहणं. हात लावायचा नाही, स्टेथोस्कोप काढायचा नाही, पायाशी उभं राहून बघायचं. खोकणाऱ्या बाळाच्या बाबतीत तर या पाहण्यावरच बरंच काही ठरतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आहेत. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग खोल जातोय का, बाळ मलूल पडलंय की आईच्या बांगड्यांशी खेळतंय, हे दिसावं लागतं. ‘खोकला आणि ताप’ हे शब्द साध्या सर्दीच्या बाळाबद्दल जसे ऐकू येतात, तसेच न्यूमोनियाच्या बाळाबद्दलही ऐकू येतात.

कॅमेऱ्याचं कौतुकही बेतानं करायला हवं. लॅपटॉपचा कॅमेरा रंगांचा मेळ स्वतःच्या मनाने जुळवतो. ट्यूबलाइटखाली गोरा माणूस निळसर दिसतो, पिवळ्या भिंतीसमोर बसलेला पिवळसर. त्यामुळे डोळ्यांतली कावीळ किंवा पापणीचा फिकेपणा पडद्यावर बघून ठरवू नये. नेटवर्क मंद असलं की चित्र अडखळतं आणि श्वास मोजताना चूक होते. उपकेंद्रात बाळाजवळ बसलेल्या प्रशिक्षित मॅडमचे डोळे कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा चांगले. त्यांनी घड्याळ लावून श्वास मोजले तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. पण चेहरा वाकडा झालाय का, हात वर धरल्यावर एक खाली घसरतोय का, जखमेच्या कडा कशा आहेत, बोलताना आजोबा अर्ध्या वाक्यात थांबून दम घेतात का, हे दोन जणांनी पाहिलेलं बरं. आणि पलीकडे घरून बोलणारा रुग्ण एकटाच असेल तर कॅमेऱ्याशिवाय पाहणारं कोणीच नसतं.

नियमांतही या फरकाला जागा आहे. २५ मार्च २०२० रोजी देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. त्यांत व्हिडिओ, आवाज आणि लेखी संदेश अशा तिन्ही मार्गांना मान्यता दिली आहे आणि कोणता मार्ग पुरेसा हे डॉक्टरने ठरवायचं आहे. मात्र औषधांच्या याद्या वेगवेगळ्या केल्या आहेत. काही साधी औषधं कोणत्याही मार्गाने लिहिता येतात, पण ‘अ’ यादीतली औषधं पहिल्याच सल्ल्यात लिहायची तर तो सल्ला व्हिडिओवरच झालेला हवा. म्हणजे कॅमेरा बंद असला की लिहिता येणाऱ्या औषधांची यादीही आखूड होते.

आता कॅमेरा का बंद पडतो ते बघू. कॅमेरा बिघडलाय म्हणून आणलेल्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा कॅमेरा धडधाकट निघतो, त्याच्या वाटेत कोणीतरी उभं असतं. ओपीडीत जसं आधी बोलतं करायचं आणि मग तपासायचं, तसंच इथेही. पहिला प्रश्न, काल चालत होता का? दुसरा, मध्ये काय बदललं? रात्री विंडोजचं अपडेट झालं, नवा अँटिव्हायरस टाकला, की मुलाने गेम खेळायला लॅपटॉप घेतला होता? तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आणि तोच कोणी विचारत नाही: कॅमेरा एकाच ठिकाणी बंद आहे की सगळीकडे? विंडोजमध्ये ‘कॅमेरा’ नावाचं साधं ॲप असतं, ते उघडून बघायचं. तिथे चेहरा दिसला तर उपकरण, तार, ड्रायव्हर सगळं ठीक आहे आणि दोष ब्राउझरच्या परवानगीत आहे. तिथेही काळोख असेल तर मूळ खोल आहे. अर्धांगाच्या रुग्णात दोष मेंदूत आहे की मणक्यात की हाताच्या नसेत हे आधी ठरवतात, तसलाच हा प्रकार.

त्यानंतर नुसत्या डोळ्यांनी तपासणी. बऱ्याच लॅपटॉपवर कॅमेऱ्यासमोर सरकतं झाकण असतं, नखाएवढं. ते बंद असलं की चित्र काळं येतं किंवा रेघ मारलेल्या कॅमेऱ्याचं चिन्ह दिसतं. काहींवर वरच्या रांगेतल्या एखाद्या बटणावर कॅमेऱ्याचं चित्र असतं. ते चुकून दाबलं गेलं की कॅमेरा झोपतो आणि पुन्हा दाबेपर्यंत उठत नाही. काही ठिकाणी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी निघते, क्वचित टिकलीसुद्धा. पट्टी काढली तरी तिचा गोंद काचेवर राहतो आणि सगळे रुग्ण धुक्यात बसल्यासारखे दिसतात. चष्म्याच्या मऊ कापडाचं ओलसर टोक तिथे कामाला येतं.

झाकण बंद असल्याबद्दल मात्र कोणाला रागावू नये. ते कोणीतरी विचारपूर्वक बंद केलेलं असतं. उपकेंद्राच्या त्याच खोलीत बायका तपासणीसाठी झोपतात, परिचारिका साडी बदलते. फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांचा २०१६ मधला एक फोटो गाजला होता, त्यात मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपचा कॅमेरा पट्टी लावून बंद केलेला दिसत होता. सल्ला संपला की झाकण सरकवणं ही चांगलीच सवय आहे, फक्त सकाळी ते उघडायची आठवण हवी. जाडसर झाकणं बाहेरून चिकटवू नयेत. पातळ लॅपटॉप मिटताना पडद्यावर दाब येतो. ॲपलने २०२० मध्ये आपल्या लॅपटॉपबाबत तसा इशाराच दिला होता.

डोळ्यांनी काही सापडलं नाही तर पुढची पायरी म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कोणी अडवून ठेवलाय का ते पाहणं. साधारणपणे एका वेळी एकच ॲप कॅमेरा वापरतं. सकाळची व्हिडिओ मीटिंग संपली, पण तिची खिडकी मागे उघडीच राहिली, की ई-संजीवनीला कॅमेरा मिळत नाही. बाकी सगळं बंद करावं आणि लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. इथे एक गंमत आहे. नव्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी यंत्रणेचा एक भाग होता तसा साठवून ठेवला जातो, पुन्हा लवकर सुरू व्हावं म्हणून. त्यामुळे रोज संध्याकाळी बंद होणारा लॅपटॉपही पंधरा पंधरा दिवस खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेला नसतो. ‘रीस्टार्ट’ने तो होतो.

मग परवानग्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॅमेरा असं जावं. तिथे तीन खटके असतात: एकूण कॅमेऱ्याचा, ॲप्सचा आणि खाली डेस्कटॉप ॲप्सचा वेगळा. ब्राउझर या तिसऱ्यात मोडतात आणि नेमका तोच बंद राहिलेला सापडतो. ब्राउझरची स्वतःची परवानगी आणखी वेगळी. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारली की ती दिसते. पहिल्या दिवशी घाईत कोणी ‘ब्लॉक’ दाबलं असेल तर ब्राउझर ते विसरत नाही. काही अँटिव्हायरसही कॅमेऱ्यावर पहारा ठेवतात, त्यांच्या सेटिंगमध्ये डोकवावं लागतं.

एवढ्यानंतर ड्रायव्हर. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी, डिव्हाइस मॅनेजर, तिथे ‘कॅमेराज’ किंवा ‘इमेजिंग डिव्हायसेस’. नावाजवळ खाली वळलेला छोटा बाण असेल तर कॅमेरा कोणीतरी बंद केलाय, ‘एनेबल’ करावा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरची तक्रार आहे. अपडेटनंतर बिघडलं असेल तर ‘रोल बॅक’, नाहीतर ‘अनइन्स्टॉल’ करून रीस्टार्ट, की विंडोज कॅमेरा नव्याने ओळखतं. आणि यादीत कॅमेऱ्याचं नावच नसेल तर? मग कॅमेरा बायॉसमधून बंद असेल किंवा तार गेली असेल. पडद्याच्या वरच्या कडेतला कॅमेरा एका बारीक तारेने खाली जोडलेला असतो आणि ती तार बिजागरीतून जाते. दिवसातून वीस वेळा झाकण उघडमीट करणाऱ्या लॅपटॉपमध्ये ती दमते. झाकण थोडं मागेपुढे केल्यावर चित्र येत-जात असेल तर निदान जवळपास झालंच, पुढचं काम मेकॅनिकचं.

वैद्यकात साध्या सर्दीला जसं अँटिबायोटिक दिलं जातं, तसं लॅपटॉपच्या प्रत्येक तक्रारीला ‘फॉरमॅट मारा’ सांगितलं जातं. बंद झाकण फॉरमॅटने उघडत नाही आणि साठवलेल्या नोंदी मात्र जातात. याहून घातक म्हणजे इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही ‘हेल्पलाइन’ला फोन करून लॅपटॉपचा ताबा दुरून देऊन टाकणं. ज्या लॅपटॉपवर गावातल्या रुग्णांची नावं आणि आजार आहेत, त्याच्या बाबतीत तर हे अजिबात होऊ नये. ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावा.

या सगळ्याला वीस मिनिटं लागतात आणि रुग्ण समोर असताना ती नसतात. म्हणून कॅमेरा ओपीडी सुरू होण्याआधी बघायला हवा. झाकण सरकवायचं, कॅमेरा ॲप उघडायचं, आपला चेहरा बघायचा, बंद करायचं. लसींच्या शीतपेटीचं तापमान रोज दोनदा वहीत लिहिलं जातंच, तिथेच शेजारी एक रकाना कॅमेऱ्याचा. दोन दिवस सलग ‘नाही’ आलं तर ती तक्रार उपकरण बंद असल्याची म्हणूनच वर जावी. आणि दूरसल्ला देणाऱ्या प्रत्येक केंद्राला यूएसबीचा एक सुटा वेबकॅम द्यावा. तो हजार-दोन हजार रुपयांत मिळतो, सहसा वेगळा ड्रायव्हर मागत नाही, बिजागरीच्या तारेशी त्याचा संबंध नाही आणि हातात धरून बाळाच्या छातीजवळही नेता येतो. पडद्यातल्या कॅमेऱ्यासमोर बाळाला उचलून धरलं की ते रडू लागतं, आणि रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजून काही कळत नाही.

हे होईपर्यंत कॅमेरा ऐनवेळी रुसला तर डॉक्टरांनी ‘आवाजावर भागवू’ म्हणण्याआधी मॅडमना एक मिनिट मागावं. बाळ शांत असताना झबलं वर करायचं, मोबाइलवर मिनिट लावायचं, पोटाची हालचाल पूर्ण साठ सेकंद मोजायची आणि आकडा सांगायचा. छातीचा खालचा भाग आत जातोय का, दूध ओढतंय का, हेही तेव्हाच.