बावीस फेटे

तर मंडळी, परवा पुन्हा एकदा बस्त्याला जाऊन आलो.

बस्ता म्हणजे काय हे आमच्या नाशिककडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: लग्नाच्या कपड्यांची एकगठ्ठा खरेदी. नवरीचा शालू, पैठणी, नवरदेवाचे कपडे, मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोप्यांचे ढीग. आमच्या पिंपळगाव बसवंतला द्राक्षं निघाली, पैसे हातात आले की लग्नं निघतात, आणि लग्नं निघाली की मला पुण्याला फोन येतो. "तू आल्याशिवाय बस्ता बांधायचा नाही," हे आत्याचं ठरलेलं वाक्य. यंदा दादाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचंच लग्न. दोन गाड्या भरून आम्ही येवल्याला गेलो.

दुकानात गादीवर बसल्यावर मी काय करतो हे घरातल्या सगळ्यांना आता पाठ आहे. पदर उलटा करतो. हातमागावरच्या पैठणीचा पदर पुढून आणि मागून सारखाच दिसतो. मोर तिकडूनही मोरच असतो. यंत्रमागाच्या मालाला मागे दोऱ्यांचं जाळं सुटलेलं असतं. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी सेमी पैठणी 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारणारे काही कमी झालेले नाहीत. राणी रंगाची एक साडी वहिनीला फार आवडली होती. मी पदर उलटला, दुकानदार माझ्याकडे बघून कसनुसा हसला आणि आतून दुसरा गठ्ठा आला. शेवटी वांगी रंगाची, नारळी काठाची घेतली. पुतणी सावळी आहे, तिला ती काय दिसते म्हणून सांगू!

तेव्हा मामी म्हणाली, "याला बायकांपेक्षा जास्त कळतं." सगळे हसले. मीही हसलो.

हे वाक्य मी दहा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. तेव्हा तो टोमणा होता, आता कौतुक आहे. वाक्य मात्र तेच, काना-मात्रेचाही फरक नाही.

परतताना गाडीत पोरांनी मोबाईलवर नटनट्यांच्या कपड्यांचे फोटो काढले. कोण कुठल्या सोहळ्याला काय घालून गेलं, हे या पोरांना हवामानाच्या अंदाजापेक्षा जास्त माहीत असतं. (मला पण. लपवायचं काय त्यात?) रणवीर सिंगचा घागऱ्यासारखा घोळदार काहीतरी घातलेला एक जुना फोटो निघाला आणि पुढच्या सीटवरून मामांनी निकाल दिला, "असली थेरं!" आता गंमत बघा. हेच मामा २०२४ च्या डिसेंबरात 'पुष्पा २' बघून आले, आणि जत्रेतल्या त्या प्रसंगात साडी नेसलेला, बांगड्या भरलेला, अंगाला निळा रंग फासलेला अल्लू अर्जुन कसा दहा-दहा जणांना लोळवतो, हे त्यांनी आम्हाला तीन वेळा करून दाखवलं होतं. तिसऱ्या वेळी तर उभं राहून.

मला आपलं वाटतं ते असं. पुरुषाने साडी नेसण्याला आपल्याकडे विरोध नव्हताच कधी. अट एवढीच, की खेळ संपला की ती सोडून ठेवायची. देवीचं निमित्त असेल तर चालतं, नाटक असेल तर चालतं, विनोद असेल तर फारच चालतं. 'चला हवा येऊ द्या'मध्ये किती पुरुषांनी किती साड्या नेसल्या, आठवा. आमच्या घरी तो कार्यक्रम लागला की कुणी पानावरूनसुद्धा उठायचं नाही. आदेश बांदेकरांनी २००४ पासून 'होम मिनिस्टर'मध्ये घरोघरी पैठण्या वाटल्या, २०२२ मध्ये तर 'महामिनिस्टर' करून अकरा लाखांच्या पैठणीपर्यंत मजल गेली. एक पुरुष रोज संध्याकाळी बायकांशी साडीवर बोलतोय, पण कुणाला काही वावगं वाटलं नाही. भावोजी असला की चालतं.

आणि या सगळ्यांच्या आधी बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९११ ची 'मानापमान'मधली भामिनी, १९१६ ची 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. त्यांचं साडी नेसणं, केसांची ठेवण, दागिने, गजरा, सगळ्याची नक्कल तेव्हाच्या पांढरपेशा घरातल्या बायका करत. आजच्या भाषेत सांगायचं तर महाराष्ट्राची पहिली स्टाईल आयकॉन हा एक पुरुष होता. एखादी नटी काय नेसली हे बघून आपण तसंच घ्यायला धावतो, त्याची सुरुवात त्यांच्यापासून. २०११ मध्ये रवी जाधवांचा 'बालगंधर्व' आला. सुबोध भावे त्या शालूंमध्ये असे दिसले, की आमची आई टीव्हीसमोर म्हणाली, "कसली देखणी बाई आहे!" त्या वेषभूषेसाठी नीता लुल्लांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

गैरसमज नको. बालगंधर्वांना मी ओढून माझ्या रांगेत बसवत नाहीये. ते कोण होते हा माझा प्रश्नच नाही. माझं लक्ष आहे त्यांच्याकडे बघणाऱ्यांकडे. पुरुषाच्या अंगावरचं बाईपण ज्यांनी एवढं डोक्यावर घेतलं, त्याच लोकांनी पुढे सिनेमातल्या नाच्याचं काय केलं? गणपत पाटलांनी तमाशापटांमधून तो नाच्या अजरामर केला. माणूस संसारी, बायकोमुलं असलेला. पण भूमिकेचा शिक्का पडद्याबाहेरही सुटला नाही आणि २००८ मध्ये ते गेले तोवर त्याचे चटके सोसत राहिले. शाळेत मला पोरं त्यांची लकब करून हाक मारायची. वर्गात कुणी बालगंधर्व म्हणून हाक मारली असती तर मी खूश झालो असतो. पण ते नाव दिवाणखान्यात टांगलेलं होतं आणि दुसरं रस्त्यावर पडलेलं. माझ्या वाट्याला रस्त्यावरचं आलं.

तेव्हा मला वाचवलं ते 'चंदेरी'ने. मामाच्या घरी जुने अंक असायचे. गौतम राजाध्यक्षांनी काढलेले फोटो मी तासन्‌तास बघायचो. लोकांना वाटायचं पोरगा नट्या बघतोय, वयात आला! मी बघत असायचो तो पदर खांद्यावर कसा घेतलाय, कानातलं मानेला कुठे टेकतंय, उजेड रेशमावर कुठून पडलाय. नटनट्यांच्या कपड्यांच्या बातम्यांना लोक उथळ म्हणतात. असतीलही. पण निफाड तालुक्यातल्या एका पोराला, आपल्याला जे आवडतं त्यालाही कुठेतरी किंमत आहे, एवढं सांगायला त्या काळी दुसरं कोणीच नव्हतं.

मग पुष्कळ उशिरा मला वेंडेल रॉड्रिक्स सापडले. गोव्याचे. आधी मस्कतला खानपानाच्या कामात होते, नंतर कपड्यांकडे वळले. गोव्यातली कुणबी साडी, जी नेसणाऱ्या बायका हळूहळू कमी होत चालल्या होत्या, ती त्यांनी पुन्हा मागावर आणली. गोव्याच्या पेहरावावर 'मोडा गोवा' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. आणि २००२ च्या डिसेंबरात जेरोम मारेल या आपल्या जोडीदाराशी फ्रेंच कायद्याप्रमाणे करार नोंदवला, तोही चारचौघांना बोलावून, लपूनछपून नाही.

आता तारखा बघा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ मधून आमची सुटका केली होती. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि आम्ही पुन्हा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार झालो. आणि २५ जानेवारी २०१४ ला पद्म पुरस्कार जाहीर झाले, त्यात पद्मश्रीच्या यादीत नाव होतं वेंडेल रॉड्रिक्स. मधले दिवस मोजले मी, पंचेचाळीस. तुमचा हात आम्हाला हवा, तुमची नजर हवी, त्यासाठी राष्ट्रपती भवनात बोलावून मान देऊ. बाकी तुम्ही घरी कोणाबरोबर राहता त्यासाठी कायद्यात तुरुंगाची सोय आहेच. ते कलम गेलं २०१८ च्या ६ सप्टेंबरला. वेंडेल त्यानंतर दीडच वर्ष जगले, २०२० च्या फेब्रुवारीत गेले.

करण जोहरचंही तेच. २०१७ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं, की माझं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो शब्द मी उच्चारणार नाही, कारण या देशात त्यासाठी तुरुंगात जावं लागू शकतं. बरं, पिंपळगावात लग्नाच्या आदल्या दिवशी 'संगीत' नावाचा प्रकार आणला कोणी? आमच्या आजोबांनी? या माणसाच्या सिनेमांनी! पुतणीच्या संगीताला चौदा गाणी बसवली आहेत आणि आत्याही नाचणार आहे. त्याच्या तालावर नाचायला सगळे तयार, आणि त्याचं नाव निघालं की सगळे एकमेकांकडे बघून डोळा मारणार.

असो. चिडून काही होत नाही.

दुकानातली एक गोष्ट सांगायची राहिली. साड्या झाल्यावर फेट्यांचा विषय निघाला. आमच्याकडे पाहुण्यांना टॉवेल-टोपी, आणि घरच्या पुरुषांना एकसारखे फेटे. रंग ठरवायचं काम अर्थात माझ्याकडे. वांगी पैठणीशेजारी उठून दिसेल म्हणून मी मोरपंखी ठरवला, सगळ्यांना पसंत पडला. आत्याने पिशवीतून वही काढली आणि घरची माणसं मोजायला लागली. दादा, मामा, काका, त्यांची मुलं, तिन्ही जावई... बावीस. वहीवर आकडा लिहून तिने खाली रेघ मारली.

त्या बावीसमध्ये तो आहे का, हे मी विचारलं नाही.

तो म्हणजे कोण, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. अकरा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. दादाला मी २०१८ मध्ये निकालाच्या आठवड्यातच सांगितलं, आईला त्याआधीच कळलेलं होतं, आणि आत्याला कोणी सांगावं लागलं नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा तिने फोन करून नुसतं विचारलं होतं, "जेवलात का दोघं?" मागच्या लग्नात तो आला तेव्हा "पुण्याचा मित्र" होता. मांडवात वाढायला उभा राहिला, रात्री भांडी मोजून द्यायला थांबला. सकाळी त्याला टॉवेल-टोपी मिळाली. त्याने ती जपून कपाटात ठेवली आहे. मला तेव्हा राग आला होता, त्याला नव्हता आला.

दुकानात माझ्या ओठांवर आलं होतं. पण पलीकडे मामा बसलेले, दुकानदार गठ्ठे बांधतोय, वहिनी हिशेबात गुंतलेली. दुकानदाराला "पदर उलटा करा" म्हणायला मला कधी भीती वाटली नाही आणि स्वतःच्या आत्याला "तेवीस कर" म्हणता आलं नाही. चाळिशी उलटली की माणूस धीट होतो म्हणतात, माझ्या बाबतीत ते कपड्यांपुरतंच झालेलं दिसतंय.

म्हणून इथे लिहितोय. आत्या, धाकटा तुला हे वाचून दाखवतो हे मला माहीत आहे. मी काही पत्रिकेवर नाव घाला म्हणत नाही, त्या दिवशी कुणाला काही सांगू पण नका. वही तुझ्याकडे आहे. फेटेवाल्याला आकडा आठ दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे येत्या रविवारपर्यंत. रंग मोरपंखी.