‘आदिवासी फॉन्ट’ नावाची एक खोटी ओळख

१/ चंद्रपूर-गडचिरोलीच्या नावाने निघणारी पर्यटन-पत्रके, रानमेव्याची वेष्टने, महोत्सवांचे फलक पाहा. देवनागरी अक्षरे मुद्दाम वाकडी केलेली, शिरोरेषा तुटकी, टोकांना पाने चिकटवलेली. या खेळकर हस्तलिखित वळणाला सर्रास ‘आदिवासी फॉन्ट’ म्हटले जाते. आक्षेप वळणावर नाही, नावावर आहे. #थ्रेड

२/ या नावात एक गृहीतक दडले आहे: अरण्यातल्या माणसाला लिपी नसते, आणि त्याने लिहिलेच तर ते असेच अनघड असणार. इतिहास नेमके याच्या उलट सांगतो.

३/ चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाला हे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची हस्तलिखिते जपलेली आढळली. अभ्यासक त्यांचा काळ अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेतात. तिला आज ‘गुंजाला गोंडी लिपी’ म्हणतात.

४/ या लिपीची वर्णमाला ‘क’पासून सुरू होत नाही. तिचा व्यंजनक्रम य, व, ब, भ, म, क असा चालतो. स्वतंत्र क्रम म्हणजे शिकण्या-शिकवण्याची स्वतंत्र परंपरा. याला अनघड कसे म्हणणार?

५/ दुसरी लिपी मसराम गोंडी. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी ती १९१८ साली रचली. युनिकोडमध्ये मसराम गोंडी २०१७ साली आली, गुंजाला गोंडी २०१८ साली. दोन्हींचे फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. म्हणजे साधन नव्हते, ही सबब आता संपली.

६/ मोडीचे उदाहरण घ्या. आधी शिरोरेषा ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहायची, ही तिची शिस्त. तिला कोणी ‘गमतीदार फॉन्ट’ म्हटले तर आपण खवळून उठू. मग गोंडीला वेगळा न्याय का?

७/ ‘पण या लिप्या वाचतो कोण?’ प्रश्न रास्त आहे. गोंडी आपल्याकडे बहुधा देवनागरीतच लिहिली जाते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९.८ लाख होती. तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. अशा भाषेच्या वाट्याला फलकावर एक शब्दही न देता केवळ तिची ‘छटा’ वापरणे, हा अन्याय आहे.

८/ शिवाय माडिया, कोलाम, परधान या साऱ्यांना एकाच वळणात कोंबणारे हे नाव कोणाचीच ओळख सांगत नाही.

९/ दुसऱ्या टोकाचाही मोह टाळावा. १९१८ची लिपी हजारो वर्षांची ठरवून गोंडीचा मान वाढत नाही. जे पुराव्याने सिद्ध आहे, तेच पुरेसे मोठे आहे.

१०/ तेव्हा खेळकर फॉन्ट खुशाल वापरा. त्याला फक्त ‘खेळकर’ म्हणा. आणि फलक गोंडांविषयी असेल, तर त्यावर किमान एक ओळ गोंडीत लिहा: देवनागरीत, गुंजालात वा मसराममध्ये. ती ओळ गोंडी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या.