उपाहारगृहाचे दिवे आणि शेजाऱ्याची झोप

गोव्याच्या किनाऱ्यावरील गावांतून एक वाद पुनःपुन्हा उभा राहताना दिसतो. वाड्यालगत एखादे उपाहारगृह असते. त्याचा चालक रात्री अकराऐवजी एक वाजेपर्यंत दार उघडे ठेवण्याची परवानगी मागतो. लगोलग शेजारच्या घरांतून हरकतीचा अर्ज जातो, आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी झालेली माणसे दोन पक्षांत विभागली जातात. हणजूण व वागातोर येथील रात्रीच्या संगीताविषयीच्या तक्रारी तर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेल्या आहेत. म्हणून, वाचकहो, या प्रश्नाचा शांत चित्ताने विचार करू या.

प्रथम चालकाची बाजू ऐकावी. पर्यटकांचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतर येतो आणि थोड्या महिन्यांत ओसरतो. तेवढ्या मिळकतीतून वर्षाचे भाडे, कर्जाचे हप्ते व नोकरांचे पगार भागवावयाचे असतात. पाहुणे उशिरा जेवतात. स्वयंपाकघरात पुष्कळदा आपल्याच गावची मुले राबत असतात. प्रामाणिकपणे अन्न विकून पोट भरणे यात कमीपणा नाही. तेव्हा चालकास गावाचा शत्रू लेखणे अन्यायाचे होय.

आता शेजाऱ्याची बाजू. पहाटे होडी लोटणारा मासेमार, भट्टी पेटविणारा पोदेर, परीक्षेस बसणारी मुलगी, अंथरुणास खिळलेली वृद्धा, या सर्वांची झोप हे त्यांचे धन आहे. दिवसाच्या गलबल्यात जो आवाज जाणवतही नाही, तोच रात्रीच्या निःशब्दतेत कानावर आदळतो. संगीतातील खर्जाचा दणका भिंतींतूनही आत शिरतो. शिवाय त्रास केवळ संगीताचा नसतो. निघताना दारात रेंगाळणारी मंडळी, मोटारींच्या दारांचे आपटणे, फटफटींचा धडाका, रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट, हे सारे दार बंद झाल्यावरही अर्धा-पाऊण तास चालते. एक वाजेपर्यंतचा परवाना म्हणजे शेजाऱ्यास दोन वाजता झोप, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 हा काळ त्यांत रात्र मानला आहे. निवासी विभागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, तर व्यापारी विभागासाठी 65 व 55 अशी मर्यादा आहे. डेसिबलच्या मोजणीत दहाची वाढ म्हणजे ध्वनीच्या शक्तीत दसपट वाढ, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांतील अंतर उमजते. रात्री ध्वनिक्षेपक व वाद्ये बंदिस्त सभागृहासारख्या जागेतच चालतात; गच्चीस किंवा अंगणातील मांडवास बंदिस्त म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात रात्रीचे हे बंधन ठामपणे उचलून धरले. सण-उत्सवांसाठी वर्षातून फार तर 15 दिवस, मध्यरात्रीपर्यंत, राज्य सरकार सवलत देऊ शकते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. उशिरापर्यंत जेवण वाढण्याची मुभा आणि उशिरापर्यंत वाद्ये वाजविण्याची मुभा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. वाद पेटतो तो बहुधा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

तथापि दुसऱ्यास नियम दाखविण्यापूर्वी आपण आपल्या अंगणात डोकावले पाहिजे. 2000 सालीच सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासमधील एक प्रकरण आले होते, आणि त्यात तक्रार होती ती एका ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेतील ध्वनिवर्धकाविरुद्ध. इतरांची शांती भंगून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा न्यायासनाचा अभिप्राय पडला. आपल्या लग्नाचा बँड मध्यरात्रीनंतर वाजतो, फेस्ताच्या नाचाचे कर्णे पहाटेपर्यंत घुमतात. तेव्हा वाड्यावरची आजारी माणसे कोणाकडे जातात? घरच्या आनंदास एक माप आणि परक्याच्या धंद्यास दुसरे, असे धरले तर आपल्या हरकतीस वजन उरणार नाही.

मग मार्ग कोणता? हरकत घेणाऱ्यांनी ‘फार त्रास होतो’ एवढेच लिहून थांबू नये. कोणत्या तारखेस, किती वाजता, कशाचा आवाज आला आणि तो किती वेळ टिकला, याची टिपणे पंधरा दिवस ठेवावी व अर्जास जोडावी. चालकाने आपण होऊन अटी मांडाव्या: दहानंतर उघड्यावर वाद्य नाही, संगीत असलेच तर दारे-खिडक्या लावून, वाहनांची जागा घरांपासून दूर, बाटल्या सकाळीच उचलणे, निघणाऱ्या पाहुण्यांस गप्प राहण्याची विनंती करण्यास दारात एक माणूस, आणि शेजाऱ्यांनी फोन केल्यास उचलणारा जबाबदार मनुष्य. मुदतवाढ द्यावयाचीच तर आधी तीन महिन्यांपुरती, तीही शुक्रवार-शनिवारच्या रात्रींपुरती द्यावी, आणि अटी मोडल्यास ती पुढे चालवू नये. जो चालक अशा अटी लिहून देण्यास तयार नाही, त्याच्या अर्जास विरोध करणे हा शेजाऱ्यांचा हक्कच आहे.

ग्रामसभेत हा विषय निघाल्यास या अटी मोठ्याने वाचून दाखवाव्या, आणि मगच हात वर करावे. सभेत त्या दिवशी आजारी वृद्धा येऊ शकणार नाही, पहाटे उठणारा पोदेरही बहुधा येणार नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी दोन शब्द बोलावे, एवढे आपण अगोदर ठरवून जावे.