‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे उत्तर पुरत नाही

‘रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत.’ डॉक्टर हे धीर देण्यासाठी म्हणतात. घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो : पोराला काही झालेलं नाही, आईच घाबरट आहे. शाळेत तो आणखी बदलतो : दांडी मारायला निमित्त हवं. महिनोन् महिने आजारी असलेल्या आणि निदान न झालेल्या मुलाच्या घरात या एका वाक्यामुळे तपास थांबतो, औषधं मात्र चालूच राहतात. माझं म्हणणं असं की या वाक्यावर तपास संपवायचा हक्क कुणालाच नाही, आणि मुलाजवळ रात्रंदिवस असणाऱ्या माणसाचं निरीक्षण हा तपासाचाच भाग आहे.

माझ्या परिचयातल्या एका घरी सात वर्षांचा मुलगा आहे. अधूनमधून पहाटे त्याला उलट्या सुरू होतात, अंग गळून जातं, हाक मारली तरी डोळे उघडवत नाहीत. दवाखान्यात सलाइन लावलं की दुपारी उठून बसतो आणि बिस्किटं मागतो. तपासण्या होतात त्या चार दिवसांनी, तो अंगणात खेळत असताना. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, पित्ताच्या गोळ्या झाल्या, आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. उलट्या होताहेत तर दिवसभर लंघन करू द्या, हा सल्ला शेजारपाजारच्या प्रत्येकाने दिला.

आईने दोनशे पानी वही सुरू केली. तारीख, आदल्या रात्री काय खाल्लं, किती वाजता झोपला, ताप होता का. वही अर्धी भरली तेव्हा त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली : रात्री न जेवता झोपला, किंवा तापात खाणं तुटलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे हे होतं. नव्या डॉक्टरांनी ती वही शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि केसपेपरवर लिहून दिलं की पुढच्या वेळी सलाइन लावण्याआधी रक्त घ्या. शुगर, कीटोन, अमोनिया, लॅक्टेट बघा. चयापचयाच्या कित्येक आजारांत मधल्या काळात रक्त अगदी निर्दोष दिसू शकतं, आणि ग्लुकोज चढलं की त्या वेळचा पुरावा पुसला जातो. आधीचे रिपोर्ट खोटे नव्हते, ते भलत्या वेळी काढलेले होते. आणि असा आजार असेल तर लंघनाने मुलाच्या जिवावर बेतू शकतं. या मुलाच्या आजाराचं नाव अजून कळलेलं नाही. पण रात्रीचं जेवण चुकू द्यायचं नाही, एवढं आता घरात पक्कं आहे.

आयांच्या वह्या म्हणजे विज्ञान नव्हे, असा आक्षेप यावर हमखास येतो. तो घेणाऱ्यांनी नॉर्वेतली हकिकत बघावी. बोर्गनी एगेलँड या बाईंची दोन मुलं, लिव आणि डाग, जन्मतः धडधाकट दिसत होती. पुढे दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, असं ही आई डॉक्टरांमागून डॉक्टरांना सांगत राहिली. वर्षानुवर्षं कुणी ते मनावर घेतलं नाही. 1934 मध्ये आस्ब्यर्न फ्योलिंग यांनी घेतलं. ते वैद्यही होते आणि रसायनतज्ज्ञही. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. औषधांमुळे तर रंग येत नसेल ना, म्हणून सगळी औषधं थांबवायला लावली. आईने मुलांची लघवी लिटरच्या लिटर साठवून आणून दिली. त्यातून फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं निघालं. मग फ्योलिंग यांनी मतिमंद मुलांच्या संस्थांमध्ये सुमारे 430 जण तपासले आणि आणखी आठ सापडले. आज फिनाइलकीटोनयुरिया म्हणून ओळखला जाणारा आजार जगाला असा कळला. ज्ञात तपासण्यांच्या हिशेबाने त्या दोन मुलांचेही रिपोर्ट तोवर नॉर्मलच होते.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र खरी आहे. पोटदुखी-डोकेदुखीच्या बहुतेक मुलांत गंभीर आजार निघत नाही, आणि तपासण्यांचा सपाटा मुलाला दुखवतो, घराला कर्जात घालतो. मान्य. पण ज्या दुखण्यात आतड्याला जखम सापडत नाही तेही मुलाला खरोखरच दुखत असतं. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या संवेदनांच्या गडबडीने ते होतं, त्याची ठरलेली लक्षणं असतात, त्यावर उपचार असतात. ते वेळ देऊन, समोर बसून समजावलं तर तेही निदानच आहे. पोटाला हात न लावता ‘मनाचं आहे’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारणं हे निदान नाही.

दुसरा आरोप जास्त क्रूर आहे : आईमुळेच झालं. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 मध्ये अख्खं पुस्तक लिहून स्वमग्नतेचा दोष आयांच्या थंडपणावर टाकला. त्याआधीच, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने आजाराचं मूळ शरीरात आहे असं मांडून या कल्पनेला आव्हान दिलं होतं. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. आपल्याकडे हाच आरोप ‘हिच्या माहेरचं आलं’ या शब्दांत येतो. फिनाइलकीटोनयुरियासारख्या आजारांत सदोष जनुकाची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. दोन्ही आल्याशिवाय आजार होतच नाही. दोघेही वाहक, दोघेही ठणठणीत, आणि प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अजूनही अनेक घरांत होतं. अशा नात्यात एकाच पूर्वजाकडून आलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तिथे तर माहेर आणि सासर ही रक्ताने एकच. मग बोट कुणाकडे दाखवणार?

आणि ‘नाव कळून काय करणार, औषध थोडंच आहे?’ लिव आणि डाग यांच्यासाठी खरंच काही नव्हतं. पण त्यांच्या आजाराला नाव मिळालं म्हणून बर्मिंगहॅममध्ये डॉक्टर हॉर्स्ट बिकेल यांनी शीला नावाच्या मुलीत तो ओळखला. इलाज नाही, हे उत्तर तिच्या आईने स्वीकारलं नाही. ती रोज सकाळी प्रयोगशाळेपाशी उभी राहून विचारायची की काही सापडलं का. 1953 मध्ये, या मुलांच्या शरीराला न पचणारं फिनाइलअ‍ॅलनिन कमी असलेल्या आहाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीने नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार ओळखता येऊ लागला, आणि वेळीच आहार सुरू झालेल्या मुलांचे मेंदू वाचले.

आज आपल्या देशात तर नाव हा थेट पैशाचाही प्रश्न आहे. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. पण ती मदत यादीतल्या आजारांना आहे. निदान नसलेलं मूल त्या दारापर्यंतही पोचत नाही. पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही हेही नावाशिवाय ठरवता येत नाही. हे नाव शोधण्यासाठी केली जाणारी एक्सोम तपासणी सुमारे 20,000 जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग वाचते, तरी बऱ्याच मुलांत उत्तर हाती लागत नाही. मात्र तीच माहिती दोन-एक वर्षांनी पुन्हा तपासली तर काहींचं उत्तर निघतं, कारण मधल्या काळात नव्या जनुकांची ओळख पटलेली असते. म्हणून ‘काही निघालं नाही’ या शेऱ्यावर फाइल बंद होता कामा नये.

तेव्हा मागणी अशी आहे. निदान न झालेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर ‘कारण अद्याप अज्ञात’ असं स्वच्छ लिहिलं जावं. त्याखाली पुन्हा विचार करण्याची तारीख असावी आणि ते प्रकरण कोणत्या डॉक्टरकडे आहे त्याचं नाव असावं. आईची वही आणि मोबाइलवर टिपलेला झटक्याचा व्हिडिओ रिपोर्टांच्या बरोबरीने फाइलला लागावा. आणि रात्री दोन वाजता अनोळखी दवाखान्यात दाखवायला आईच्या पर्समध्ये सही-शिक्क्याचं एक पत्र असावं : उपाशी ठेवू नका, आधी रक्त घ्या, लगेच ग्लुकोज लावा, आणि ही बाई सांगते ते ऐकून घ्या.