साळुता अहिंसक आणि मशीन हिंसक?



चातुर्मास जवळ आला की आपल्या श्राविका मंडळात बोलण्याचे विषय ठरलेले असतात. पालेभाजी कधी बंद करायची, पाणी कसं गाळायचं, दशलक्षणात कोण किती उपवास करणार. यंदा त्यात व्हॅक्यूम क्लीनरची भर पडली. आमचं जुनं मशीन चौदा वर्षं चालून बंद पडलं, नवीन घ्यायचं आहे, एवढंच मी म्हणाले. लगेच दोन सल्ले आले. थोरल्या बायका म्हणाल्या, “घेऊच नका, त्यात जीव ओढले जातात. आपला साळुताच बरा, अहिंसेचा.” धाकट्या म्हणाल्या, “काकू, रोबो घ्या. बटण दाबायचं नि विसरून जायचं.”

मला हे दोन्ही सल्ले मान्य नाहीत, आणि ते का मान्य नाहीत हे आज स्पष्ट लिहिणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी साळुत्याचं बघू. गृहस्थाच्या घरात रोज आरंभ घडतो अशा पाच जागा आपल्याकडे मोजलेल्या आहेत: कांडण, दळण, चूल, पाणी आणि केर काढणं. म्हणजे साळुता त्या यादीतच आहे. तो अहिंसक असल्याचं प्रमाणपत्र त्याला कुणी दिलेलं नाही. शिंदीच्या कडक पात्यांचा साळुता जमिनीवर खसाखसा ओढला की मुंगीचे पाय तुटतात, झुरळाचं पिल्लू चिरडतं. आवाज होत नाही म्हणून ते आपल्याला जाणवत नाही, इतकंच.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या केली आहे. प्रमादामुळे प्राणांचा घात होतो ती हिंसा, असा तिचा सरळ अर्थ. त्यात हत्याराचं नाव नाही. विजेवर चालणारं की हाताने चालणारं, याचा उल्लेख नाही. सगळा भार प्रमादावर, म्हणजे बेफिकिरीवर आहे. न बघता मारलेला साळुता आणि न बघता फिरवलेलं मशीन यांत शास्त्राच्या हिशेबाने मला तरी फरक दिसत नाही. बघून, जपून, यत्नाने केलेलं काम मात्र दोन्हीकडे वेगळं ठरतं. संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाला सांगितला आहे. आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, ती कमी करत न्यायची असते. मग प्रश्न “मशीन की साळुता” असा उरत नाही. जीव कमीत कमी दुखावतील असं काम कशाने होईल, हा खरा प्रश्न आहे.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती सांगते. “आम्ही साळुताच वापरतो” असं अभिमानाने सांगणाऱ्या किती घरांत तो साळुता घरच्या बाईच्या हातात असतो? बहुतेक ठिकाणी तो कामाच्या मावशींच्या हातात असतो. सहा खोल्या, दोन जिने, कंबरेत वाकून. पलंगाखालची धूळ त्यांच्या नाकातोंडात. आपण सामायिकाला बसलेलो, आणि त्या शेजारच्या खोलीत खोकतायत. कृत, कारित, अनुमोदना हे आपण लहानपणापासून शिकलो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान दिलेली, तिन्हींचं कर्म लागतं. मग मावशींच्या साळुत्याखाली मेलेली मुंगी कुणाच्या खात्यावर जाते? आणि मावशींची कंबर कुणाच्या खात्यावर? एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळे जीव आपल्याला पाठ आहेत. पण घरात रोज येणाऱ्या संज्ञी पंचेंद्रिय माणसाची दया त्या यादीत सर्वांत शेवटी येते, याला काय म्हणायचं?

आणखी एक गोष्ट. धूळ साचू देणं ही काही अहिंसा नाही. गालिच्यात, सोफ्याच्या खाचेत, पलंगाखाली धूळ, केस, खाण्याचे कण साचले की तिथे जीवोत्पत्ती होते, पावसाळ्यात तर जास्तच. नंतर तीच जागा साफ करताना कितीतरी पट जीव मरतात. आपल्या आज्या म्हणायच्या, जीव झाल्यावर वाचवण्यापेक्षा होऊच देऊ नका. साळुता खाचेतली धूळ काढू शकत नाही, तो ती उडवतो आणि ती पुन्हा खाली बसते. मुलं, नातवंडं, पाहुणे, रोजची ये-जा असलेल्या घरात आठवड्यातून दोनदा ओढून घेतलेली धूळ ही साचलेल्या धुळीपेक्षा अहिंसेच्या जास्त जवळ आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता रोबोकडे वळू. धाकट्या मैत्रिणींनो, रागावू नका, पण ईर्या समिती कशाला म्हणतात? चार हात जमीन बघून चालणं. ती मुनींची समिती खरी, पण आपणही तिचा अंश पाळतो, म्हणून तर रात्री अंधारात अंगण झाडत नाही. हा तबकडीएवढा रोबो रात्री दोन वाजता अंधारात आपोआप सुरू होतो. त्याला भिंत कळते, खुर्चीचा पाय कळतो, जिन्याची कड कळते. मुंगीची रांग कळत नाही. त्याच्या पोटाखालचा ब्रश गरागरा फिरत त्या रांगेवरून जातो आणि घरात कुणी जागं नसतं. “मी कुठे केलं, मशीनने केलं” असं म्हणायची सोय आपल्या धर्मात नाही. वेळ कुणी लावली? बटण कुणी दाबलं? तेच कारित. यंत्राला प्रमाद नसतो आणि यत्नही नसतो, दोन्ही माणसालाच असतात.

त्यात जे रोबो फरशीही पुसतात त्यांना पाण्याची टाकी असते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, हे आपण पाळतो. आणि त्या टाकीत आणि ओल्या फडक्यात पाणी दोन-दोन दिवस राहतं. ओल्या मळात सम्मूर्च्छन जीव उपजतात हे वेगळं सांगायला नको. हीच अडचण ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या मोठ्या मशीनची. ज्या घरात काम झाल्याबरोबर टाकी रिकामी करून, पुसून, वाळवून ठेवायला माणूस आहे त्यांनीच ते घ्यावं. बाकीच्यांनी फक्त सुकं ओढणारं घ्यावं आणि फरशी बादलीभर गाळलेल्या पाण्याने पुसावी.

मग घ्यायचं काय? दुकानात गेलात की पहिला आकडा सांगतात वॅटचा. “हे १६०० वॅटचं आहे मॅडम, पॉवरफुल.” मी वाणिज्य शाखेची आहे, इंजिनिअर नाही, पण एवढं मलाही कळतं की वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं त्याचा आकडा, धूळ किती ओढतं त्याचा नव्हे. युरोपात सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटपेक्षा जास्तीची नवी मशीन बाजारात आणायला बंदी आली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती मर्यादा ९०० वॅट झाली, शिवाय आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. तिथली घरं काही धुळीने भरली नाहीत. हिशेब करून बघा. १४०० वॅटचं मशीन रोज २५ मिनिटं चालवलं तर महिन्याला साडेसतरा युनिट. ८०० वॅटचं तेवढाच वेळ चालवलं तर १० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ९०० रुपयांचा फरक, आणि तेवढी वीज वाया जाते तो आरंभ वेगळा.

ओढ बघायची तर किलोपास्कल विचारा, आणि त्याबरोबर हवा किती वाहते तेही विचारा, कारण किलोपास्कल हे तोंड बंद करून मोजलेलं असतं. खोक्यावर “हेपासारखा फिल्टर” लिहिलं असेल तर ते सोडून द्या. “सारखा” म्हणजे काहीच नाही. फिल्टरचा वर्ग विचारा. एच १३ वर्गाचा फिल्टर ९९.९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो. घरात दमा असलेलं कुणी असेल तर हा खर्च करा, नसेल तर साधा धुता येणारा फिल्टर पुरतो.

पिशवी की पारदर्शक भांडं, हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. पिशवीत काय गेलं ते दिसत नाही आणि ती महिना-महिना आत राहते. पारदर्शक भांड्यात डोळ्यांना दिसतं, आणि काम संपल्याबरोबर ते सावलीतल्या कोरड्या मातीवर हलक्या हाताने रिकामं करता येतं. म्हणून मी भांड्याच्या बाजूची. दम्याच्या माणसाने मात्र ते रिकामं करू नये, धूळ उडते. त्या घरात पिशवीच घ्या आणि ओढण्याआधीची काळजी दुप्पट करा.

ब्रश निवडताना मी मुनींच्या पिच्छीची आठवण ठेवते. मोरपिसांची पिच्छी धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ, कोमल आणि हलकी असते, हे तिचे पाच गुण. आपल्याला दुकानात पिच्छी मिळणार नाही, पण मऊ केसांचा, न फिरणारा ब्रश मागता येतो. मोटरवर फिरणारा ब्रश जाड गालिच्यासाठी असतो. आपल्या शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर त्याचं काम नाही.

बिनवायरचं मशीन हातात घ्यायला छान असतं. पण पूर्ण जोरावर ठेवलं की बॅटरी काही मिनिटांतच उतरते आणि मोठं घर अर्धवट राहतं. समजा ते २४,००० ला घेतलं आणि तीन-चार वर्षांत बॅटरी गेली, तर घसारा वर्षाला ६,००० ते ८,००० पडला. वायरचं साधं मशीन ९,००० ला घेऊन दहा वर्षं चाललं आणि फिल्टर-नळीला वर्षाला ५०० गेले, तर वर्षाचा खर्च १,४००. मोठ्या घराला लांब वायरचं, चाकांचं, हलकं मशीनच बरं.

आणि घेण्याआधी विचारा: नळी, मोटर, फिल्टर किती वर्षं मिळणार? आमचं जुनं मशीन दाखवायला नेलं तेव्हा “पार्ट येत नाही, नवीनच घ्या” एवढंच उत्तर मिळालं. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं आहे, तिथे बघून मग घ्या. परिग्रह परिमाण म्हणजे फक्त सोनं मोजणं नव्हे. माळ्यावर पडलेली बंद यंत्रंही परिग्रहच आहेत. जुनं मशीन ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, भंगारात जाळू देऊ नका.

मशीन आणल्यावर घरात हे चार नियम लावा. सूर्यप्रकाशातच चालवा. सुरू करण्याआधी कोपरे आणि जमीन डोळ्यांनी बघा, मऊ कुंच्याने जीव हळूच बाजूला करा. मुंग्यांच्या रांगेवर, कोळी असलेल्या जाळ्यावर नळी कधीही धरू नका. मुंग्या असतील तर खाऊचा कण उचला, त्या आपणच जातात. आणि भांडं त्याच वेळी रिकामं करा. मावशी काम करत असतील तर हे नियम त्यांना नीट समजावून सांगा आणि मशीन त्यांच्याच हाती द्या. महागाचं म्हणून कपाटात ठेवून त्यांना साळुता देऊ नका.

ज्यांना साळुताच वापरायचा आहे त्यांनी जरूर वापरावा, पण स्वतःच्या हाताने, मऊ, आणि बघून. पुढच्या बैठकीत कुणी “मशीन म्हणजे पाप” म्हणालं तर मी एकच विचारणार आहे: तुमच्या घरचा केर कोण काढतं?